कशालाबाईंची वाट

मित्रांनो, जरा खाली बघा. अजून थोडं खाली. हिरवळीच्या मधोमध, लोखंडी कठड्याच्या आत, मातीची एक तपकिरी रेघ तुम्हाला दिसेल. ती मी. मी एक जुनी पायवाट आहे.

रस्त्यांचं नशीब थोर असतं. ते आधी कागदावर जन्मतात, मग खडी पडते, मग रूळ फिरतो, मग फीत कापतात आणि मग माणसं चालू लागतात. माझं सगळं उलटं झालं. आधी माणसं चालली आणि मग मी झाले. मला कुणी आखलं नाही. खरं तर मी होऊच नये अशी पाटी माझ्या जन्माआधीच इथे उभी होती. 'हिरवळीवरून चालू नये.' आईबापांचं नाव सांगायचं झालं, तर ती पाटी आणि ती न मानणारी दोन पावलं, एवढंच सांगता येईल मला.

त्या वेळी देशावर एकाच माणसाचं चालत असे. त्याचं खरं नाव घ्यायला लोक घाबरत, म्हणून सगळे त्याला 'मालक' म्हणत. हिरवळीच्या एका अंगाला कामगारांची वस्ती, समोरच्या अंगाला इस्पितळ आणि वरच्या बाजूला मालकांची मोठी कचेरी, अशी इथली मांडणी. कचेरीच्या सज्जातून मालकांना अखंड हिरवं दिसायला हवं असे. त्यात माणूस दिसला की त्यांचा चहा कडू होई म्हणे. म्हणून वस्तीतल्या माणसाला इस्पितळात जायचं असलं, तरी त्यानं सगळ्या हिरवळीला वळसा घालून, कचेरीपुढच्या रस्त्यानं, मान खाली घालून जायचं, असा नियम झाला. लोक जातही. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आई वळसा घालायची, आणि समोरचं इस्पितळ तिला सारखं दिसत राहायचं.

वस्तीत दोन बहिणी होत्या. दोघी इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. धुण्याचा हौद वस्तीच्या बाजूला आणि वाळत घालायच्या दोऱ्या इस्पितळाच्या गच्चीवर. ही अक्कल कुणाची, ते विचारू नका. ओल्या चादरींचं गाठोडं किती जड असतं, ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. ते डोक्यावर घेऊन दोघी दिवसातून कितीतरी वेळा वळसा घालायच्या.

थोरलीला सगळे ताई म्हणत. ती खाली बघून चालणारी, कुणाला उलट न बोलणारी. धाकटीला मात्र लहानपणापासून एक खोड. काहीही सांगा, तिच्या तोंडातून आधी निघायचं, "कशाला?" हौदावरच्या बायकांनी तिचं नावच कशालाबाई पाडलं होतं.

एका सकाळी दोघी गाठोडी घेऊन हिरवळीच्या काठाशी आल्या आणि धाकटी थांबली.

"ताई, हे कशाला गं?"

"काय कशाला?"

"एवढा वळसा."

"नियम आहे म्हणून."

"नियम कशाला?"

"मालकांना हिरवं दिसावं म्हणून. चल, पाणी मानेवर यायला लागलंय."

"मग बघू देत की त्यांना. मी काय गवत उचलून नेतेय?"

"अगं ए, पाटी आहे तिथे!"

"पाटीच्या डोक्यावर गाठोडं आहे का?" असं म्हणून कशालाबाईंनी गवतावर पाय ठेवला.

तो पाय मला अजून आठवतो. अनवाणी, रुंद, साबणाच्या पाण्यानं फुगून पांढुरका पडलेला. आधी टाच टेकली, मग ओझ्यासकट अख्खा तळवा. गवताची पाती वाकली. ती चालता चालता काहीतरी पुटपुटत होती. दमलेल्या बायका करतात तसं, श्वासाला शब्द जोडणं होतं ते.

ओझं गं डोईवर, पाणी निथळतं अंगाला
सरळ पुढं दार, बाई, वळसा गं कशाला

ती अर्ध्यावर पोचली आणि शिट्टी वाजली. हिरवळीचा पहारेकरी धावत आला. त्यानं तिला दंडाला धरून परत काठावर आणलं आणि वळशाच्या रस्त्याला लावलं. तोवर ताई सावकाश वळसा घालून इस्पितळात पोचलीसुद्धा होती. गच्चीवरून तिनं कपाळाला हात लावला, तो मला इथून दिसला.

दुसऱ्या दिवशी कशालाबाई पुन्हा आल्या.

"बाई, तुला रोज रोज सांगायचं का मी?" पहारेकरी वैतागून म्हणाला.

"तुम्हाला कंटाळा येत असेल तर नका ना सांगू," कशालाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांचं इस्पितळातलं काम गेलं. त्या घरोघरी धुणी धुऊ लागल्या. पण रोज सकाळी, शिट्टी वाजत राहिली तरी, ताईचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्या माझ्यावरून जात, आणि ताई रिकाम्या हातानं वळसा घालून जाई. "काम माझं गेलंय, पाय थोडेच गेलेत," असं त्या म्हणायच्या.

मग एका दिवशी त्यांच्या मागे एक कुबडीवाला म्हातारा चालू लागला. मग रात्रपाळी करून थकलेली एक परिचारिका. मग गिरणीतला तेलपाणी करणारा आणि त्याची पोटुशी बायको. कुणी ठरवलं नव्हतं. पुढच्या माणसाच्या पावलानं गवत जिथे वाकलेलं, तिथेच मागच्याचा पाय पडायचा, एवढंच. अशीच तर मी झाले, मित्रांनो. पहिल्यांदा नुसती एक फिकट ओळ, मग एक मळकी पट्टी, आणि एका उन्हाळ्यात माझी माती उघडी पडली.

मालकांच्या सज्जातून मी दिसले नसते तरच नवल. माझ्यावर काटे टाकले. लोकांनी ते चपलेनं बाजूला सारले. मग आडवा चर खणला. रातोरात नव्हे, चांगल्या भर दिवसा लोकांनी त्यात विटा टाकल्या, येता जाता एकेक. मग हुकूम निघाला की हिरवळीवर जमाव करू नये. त्यावर गिरणीतला तो तेलपाणीवाला पहारेकऱ्याला म्हणाला, "दादा, आम्ही जमलोय कुठे? आम्ही तर चाललोय." पहारेकऱ्यालाच हसू फुटलं. तोंडातली शिट्टी खाली पडली. त्यानंतर ती पूर्वीसारखी जोरात कधी वाजली नाही.

मोठी गोष्ट पुढेच झाली. माझ्यावरून चालणाऱ्यांना ती 'कशाला'ची खोड लागली. गिरणीत कुणी विचारलं, आम्ही आत असताना दाराला बाहेरून कुलूप कशाला? शाळेत एका बाईंनी विचारलं, गणिताच्या पुस्तकात प्रत्येक पानावर मालकांचा फोटो कशाला, बेरजा काय ते करून देणार आहेत? लोक हसले. आणि ज्याला आपण हसलो त्याची भीती वाटेनाशी होते. काही वर्षांनी एका दुपारी माझ्यावरून एवढी पावलं गेली की माझी धूळ झाडांच्या शेंड्यापर्यंत उडाली. त्या दिवशी ती इस्पितळाकडे न वळता थेट कचेरीकडे गेली. मालक मागच्या दारानं निघून गेले. मी जागची हलू शकत नाही, म्हणून तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. मला फक्त लोक परतताना त्यांच्या पावलांतला हलकेपणा कळला.

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. पाटी काढली. कशालाबाईंना इस्पितळातलं काम परत मिळालं. पोरं माझ्यावरून पळत, म्हातारे काठी टेकत जात, आणि नवी नवरी माहेरून येताना माझ्या मध्यावर थांबून चप्पल हातात घेई, कारण माझी माती तोवर पिठासारखी मऊ झाली होती. एकटी ताई काय ती अजूनही वळशानं जायची.

"आता कशाला गं?" कशालाबाई विचारत.

"सवय लागली बाई," ताई लाजून म्हणे. "गवतावर पाय ठेवायचा म्हटलं की छातीत धडधडतं माझ्या."

कशालाबाई पुढे जाऊन इस्पितळाच्या पायरीवर बसत आणि ताई वळसा घालून येईपर्यंत तिच्यासाठी थांबून राहत. आयुष्यभर त्या दोघींचं हे असंच चाललं.

आता पुढचं सांगताना मला जड जातंय. कारण माझं वाईट करणारी माणसं वाईट नव्हती. ती फार चांगली होती. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं.

नव्या सरकारातल्या कुणालातरी वाटलं की ही वाट म्हणजे देशाचा ठेवा आहे. ती पावसानं वाहून गेली तर? सायकलींनी उखडली तर? मग एक समिती आली. त्यांनी वाकून वाकून मला पाहिलं. एकानं तर डोळे पुसले. आणि काही महिन्यांनी माझ्या दोन्ही बाजूंनी हा कठडा उभा राहिला. दोन्ही टोकांना छोटी फाटकं बसली आणि वस्तीच्या टोकाला दगडावर कोरलेली सुंदर अक्षरं आली. 'या वाटेनं देशाला नियम मोडायला शिकवलं.' त्याच्याखाली, त्याच सुंदर अक्षरांत, 'वाटेवर चालण्यास सक्त मनाई आहे.' आणि बाकीच्या हिरवळीलाही कुंपण पडलं, माझी शोभा राहावी म्हणून.

लोकांनी ती अक्षरं वाचली, माना डोलावल्या आणि ते वळशाच्या रस्त्यानं चालू लागले. कुणी एक शब्द बोललं नाही. हुकूम मालकांचा असता तर बोलले असते. हा तर त्यांच्याच सरकारचा होता, आणि तोही माझ्याच भल्यासाठी.

पण मित्रांनो, पाय पडले नाहीत तर पायवाट राहत नाही. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या अंगावर गवत आलं. वरचे लोक घाबरले. एवढा ठेवा, आणि तो दिसतच नाही! मग माळीदादांना हुकूम सुटला की आठवड्यातून एकदा वाटेवरचं गवत खुरप्यानं काढायचं. गवत निघालं, पण मी गुळगुळीत दिसू लागले, लिंपलेल्या जमिनीसारखी. पाहुणे म्हणायचे, "पावलं कुठे आहेत?" तेव्हा सुताराकडून लाकडाची दोन पावलं करून घेतली. त्यांना लांब दांडे लावले. आता दरवर्षी, मालक गेले त्या 'देशाच्या दिवसा'च्या आदल्या सकाळी माळीदादा माझ्यावर पाणी शिंपडतात आणि कठड्याबाहेर उभे राहून ती लाकडी पावलं माझ्यावर उमटवतात. उजवं, डावं. उजवं, डावं.

"ह्या बाईच्या पायाला बोटं नव्हती वाटतं," एकदा ते स्वतःशीच म्हणाले. सुतारानं बोटं कोरायचा आळस केला होता.

त्या लाकडात ओझं नसतं. घाई नसते. ते टाच आधी टेकत नाही, धप्पकन पडतं आणि उचललं जातं. असल्या पावलांनी मी कुठेच पोचत नाही.

देशाच्या दिवशी इथे मांडव घालतात. भाषणं होतात. 'आपल्या देशाचा आत्मा प्रश्न विचारणारा आहे,' असं सांगतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. शाळेची मुलं एका रांगेत उभी राहून कशालाबाईंचं गाणं म्हणतात. फक्त शेवटची ओळ बदलली आहे. ती आता 'सरळ पुढं देश, बाई, चला एका रांगेला' अशी आहे. मग फाटक उघडून पाहुणे बाहेरूनच माझ्यावर फुलं टाकतात. गेल्या वर्षी रांगेतल्या एका मुलीनं आपल्या बाईंना विचारलं होतं, "बाई, मग आपण चाललो तर काय होईल?"

"गप्प बस. रांग मोडू नकोस," बाई म्हणाल्या.

कशालाबाईंनाही बोलावतात. आता त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. गुडघे गेले आहेत. त्यांना मांडवात पहिल्या खुर्चीवर बसवतात, गुच्छ देतात आणि माईक मात्र त्यांच्यापासून लांब ठेवतात. माईक लांब कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं. सगळे इतके हसले की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

या कठड्यावर पहारा आहे आणि पहारेकरी कोण, माहीत आहे? कशालाबाईंचे जावई. 'वाटेच्या बाईंचे नातेवाईक' म्हणून मोठ्या कौतुकानं त्यांना ही नोकरी दिली. नोकरीबरोबर राहायला वस्तीत पक्की खोली मिळाली. तिथे त्यांचा संसार आहे, म्हणजे कशालाबाईंच्या लेकीचा आणि नातवंडांचा. माणूस भला आहे. शिट्टी गळ्यात असते, पण तोंडात क्वचितच जाते.

आता जे सांगते ते या पावसाळ्यानंतरचं आहे. ताई आजारी पडली. तिला समोरच्या इस्पितळात ठेवलं. तिची खाट खिडकीशी होती आणि ती खिडकी माझ्या दुसऱ्या टोकाच्या अगदी वर. ताईला आता उठता येत नव्हतं. ती उशीला टेकून इकडे बघत पडलेली असायची. भाची डबा घेऊन वळशानं जायची, तिला ताई एकच विचारायची, "धाकटी कधी येतेय?"

आणि धाकटीला तर येता येत नव्हतं. वळसा लांब, चढाचा. कशालाबाईंना चार पावलं टाकली की खाली बसावं लागे. मोठ्या कचेरीत आता नवे साहेब बसतात, त्यांच्या सुरक्षेसाठी त्या रस्त्यावर गाड्यांना बंदी आहे आणि जागोजागी लिहिलं आहे, 'येथे थांबू नये.' जावयांनी एकदा त्यांना हातगाडीवर बसवून नेलं. हातगाडीही गाडीच आहे, असं म्हणून परत पाठवलं. मग त्या काठी टेकत चालत निघाल्या, कचेरीपुढे दम लागून बसल्या, तर तिथल्या शिपायानं हात जोडून उठवलं. "आजी, तुमचा फोटो आहे आमच्या कचेरीत. पण बसू नका. वरून ओरडा पडतो." उठता येईना, पुढे जाता येईना. लेकीनं त्यांना कसंबसं घरी आणलं. सरळ वाटेनं मात्र इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं. दमल्या असत्या तर माझ्याच मातीवर बसल्या असत्या.

हिरवळ बघायला बाग अधिकारी आले तेव्हा जावयांनी टोपी काढून विषय काढला. "साहेब, माझ्या सासूबाईंना एकदा या वाटेनं जाऊ द्या. त्यांची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजतेय. आज-उद्याचीच सोबतीण आहे."

अधिकाऱ्यांना खरंच वाईट वाटलं. "अहो, मी शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिलाय! पण त्यांना सोडलं, तर उद्या कुणीही चालेल."

"साहेब, आधी कुणीही चालायचंच की."

"म्हणून तर ती ऐतिहासिक आहे," अधिकारी म्हणाले. "आणि हे बघा, तुम्ही पहारेकरी आहात. आत कुणी गेलं तर पहिली तुमची नोकरी जाईल. खोलीही रिकामी करावी लागेल. माझ्या हातात काही नाही."

माझ्या हातात तर हातच नाहीत, मित्रांनो. मी ऐकत पडून राहिले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, भेटीच्या वेळेला कशालाबाई स्वतः आल्या. लेक बरोबर होती. फाटकाशी येऊन त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. पलीकडे खिडकीत ताई होती. ताईनं धाकटीला पाहिलं. आणि मग जे झालं ते मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर वळसा घालणाऱ्या, गवत पाहिलं की छातीत धडधडणाऱ्या ताईनं चादरीतून हात बाहेर काढला आणि तो हलवून बोलावलं. ये. सरळ ये. इकडून ये.

"बघितलंत का जावईबापू?" कशालाबाई हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आता सुधारली ती."

जावयांनी आजूबाजूला पाहिलं. मग फाटकाची कडी काढली.  "जा आई. मी पाठ करून उभा राहतो. होईल ते होईल."

कशालाबाईंनी पाऊल उचललं. मी सांगते, माझा कण न् कण त्या टाचेची वाट पाहत होता. पण पाऊल माझ्यावर आलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक पदराचं टोक पिळत उभी होती.

"जावईबापू, तेव्हा माझं काम गेलं. ते माझं होतं, मी घालवलं," कशालाबाई हळूच म्हणाल्या. "हे तुमचं आहे. दुसऱ्याच्या घरावर पाय देऊन कसली वाट तुडवायची?"

"आई, मी स्वतः म्हणतोय ना."

"तुम्ही म्हणता हो. पण पोरांना खोलीबाहेर काढतील तेव्हा मी म्हणायला असेन का?"

कठड्याबाहेर बाकांवर बरीच माणसं होती. काही इस्पितळाकडे निघालेली, काही नुसतीच ऊन खात बसलेली. कशालाबाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज तोच जुना होता, हौदावरून पलीकडे ऐकू जाणारा.

"अरे बाबांनो, चला की माझ्याबरोबर! एकटी गेले तर या माणसाची नोकरी जाईल. सगळेच चाललो तर कुणाकुणाला काढतील? तुम्हालाही पलीकडेच जायचंय ना?"

बाकांवर चुळबुळ झाली. एक गृहस्थ उठून उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, आले! त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही आमचं दैवत आहात. पण मनाई लिहिलीय हो." एक बाई आपल्या मुलाला पुढे करून म्हणाल्या, "नमस्कार कर. ह्याच त्या, तुझ्या धड्यातल्या." मुलानं नमस्कार केला. कुणीतरी फोटो काढला. मग भेटीची वेळ संपत आली म्हणून पलीकडे जायचं होतं ते सगळे घाईघाईनं वळशाच्या रस्त्याला लागले.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडायचं होतं. पाऊल टाका, मी इथेच आहे, मी अजून मेलेली नाही, असं सांगायचं होतं. वाटेला तोंड नसतं. तिला जिथे जायचंय तिथे ती आधीच पोचलेली असते, पण कुणाला घेऊन जाणं तिच्या हाती नसतं.

 मग कशालाबाईंनी कठड्यातून हात आत घातला, वाकता येईल तेवढं वाकून माझी चिमूटभर माती उचलली आणि मुठीत धरली. खिडकीतला हात अजून हलत होता. जावयांनी कडी परत लावली. तिचा आवाज त्यांना स्वतःलाच लागला असावा, कारण ते कितीतरी वेळ कडीवर हात ठेवून उभे होते. लेकीनं आईला धरून वस्तीकडे नेलं. ताईचा हात हळूहळू खाली गेला.

दोन दिवसांनी माळीदादा खुरपं घेऊन आले तेव्हा जावयांना म्हणाले, "खिडकीतल्या ताई गेल्या म्हणे पहाटे."  जावयांनी वर पाहिलं तर खाट उचलून नेली होती आणि खिडकीत कुणीतरी चादर वाळत टाकली होती. कशालाबाई त्यानंतर इकडे आल्या नाहीत. हौदाकडे तोंड करून बसतात, आणि आता काहीच विचारत नाहीत, असं मी ऐकते. माझ्यासाठी यापेक्षा मोठी सजा नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. म्हणून तुमच्याशी बोलतेय. मोठ्यांना मी नीट जपलेली दिसते. सगळे नियम मोडा असं मी तुम्हाला सांगत नाही. लाल दिव्याला थांबायचं असतं, कारण त्याच्या 'कशाला'ला उत्तर आहे. ज्या नियमाला उत्तर देता येतं, तो आनंदानं पाळा. पण ज्याच्याकडे उत्तराऐवजी नुसती शिट्टी असते, त्याला पुन्हा विचारा. शिट्टी गोड वाजली तरी विचारा. ती वाजवणारा आपला माणूस असला तरी विचारा. आणि जमलंच तर एकट्यानं चालायची वेळ कुणावर आणू नका. एकटा चालला तर त्याचं घर जातं. सगळे चाललात तर वाट होते. देश सांभाळायचा असतो तो असा चालून, कठड्यात ठेवून नव्हे.

माझं आयुष्य आता फार नाही. माळीदादा थकले आहेत, गवत दोन्ही काठांनी आत सरकतंय. पुढच्या देशाच्या दिवशी तुमची शाळाही तुम्हाला इथे घेऊन येईल. तुमच्या हातात फुलं देतील आणि माझ्यावर टाकायला सांगतील. तेव्हा एवढं ऐका. मला फुलं नकोत. पाय द्या.